सरकलेला मणका आणि आईची चाल

जुळे सोलापूर

चि. बाळ,

तुझ्या आईच्या एमआरआयचा रिपोर्ट वाचला. त्याखाली तू तीन प्रश्न विचारलेस: ऑपरेशन करायलाच हवं का, स्क्रू कायमचे आत राहणार का, आणि आई लुळी तर पडणार नाही ना? फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच रडायला लागतेस आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. पण सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली, त्यातली बरीच वर्षं हाडांच्या टेबलापाशी. तिथून जे दिसलं आणि सर्जन लोकांना विचारून जे कळलं, ते तुला सांगते.

तिसरा प्रश्न आधी घेते, कारण तुझी झोप त्यानेच उडवलीय. मणक्याचं ऑपरेशन झालं की माणूस कायमचा आडवा होतो, अशी आपल्या गल्लीची ठाम समजूत आहे. पण ज्याला धक्का लागला तर दोन्ही पाय जातात तो मज्जारज्जू मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली सुट्या नसांचा झुबका असतो. आईचा सरकलाय तो चौथा मणका, पाचव्यावरून पुढे. म्हणजे सर्जनचं सगळं काम मज्जारज्जूच्या बरंच खाली चालणार. धोका नाहीच असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून उठून या. एखाद्या नसेला इजा होऊन पाऊल उचलेनासं होऊ शकतं, नसांवरचं आवरण फाटून पाणी झिरपू शकतं, पू होऊ शकतो, स्क्रू वाकडा जाऊ शकतो. सहीच्या कागदावर हे सगळं छापलेलं असतं. तो कागद वाचूनच सही करा. पण गल्ली ज्याला घाबरते तो लुळेपणा हा नव्हे.

रिपोर्टात ‘ग्रेड वन’ लिहिलंय. हे माप मेयर्डिंग नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३२ साली लावून दिलं, ते आजही चालतं. खालच्या मणक्याच्या माथ्याचे चार भाग करायचे आणि वरचा मणका किती पुढे आलाय ते बघायचं. पाव भागापर्यंत पहिली पायरी, अर्ध्यापर्यंत दुसरी, पाऊण भागापर्यंत तिसरी, तिथून पूर्ण माथा ओलांडेपर्यंत चौथी. त्याच्याही पुढे जाऊन मणका खाली घसरला तर पाचवी, पण ती क्वचित. आईची पहिली. आणि हे चकती सरकण्याचं दुखणं नाही. इथे अख्खा मणका पुढे आलाय. समोरच्या काकू दोन्हीला ‘गॅप’ म्हणतात आणि दोन्हीला एकच तेल सांगतात. लावू दे, तेलाने बिघडत नाही. फक्त कंबर कडकड मोडून देणाऱ्या मालिशवाल्याकडे आईला नेऊ नका.

मला एक गंमत वाटते. हा आजार पहिल्यांदा टिपला तो हाडाच्या डॉक्टरने नव्हे, बाळंतपण करणाऱ्याने. हर्बिनो नावाच्या बेल्जियन डॉक्टरने १७८२ साली लिहून ठेवलं की काही बायकांच्या माकडहाडाच्या वर, पुढच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो आणि मूल बाहेर यायला तो आडवा येतो. तो उंचवटा म्हणजे पुढे घसरलेला मणका. तेव्हा ना एक्स-रे, ना भूल. हाताला लागलं ते त्याने लिहिलं.

आईचा प्रकार झिजेचा. मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे पन्नाशीनंतर झिजतात, सैल होतात आणि मणका हळूहळू पुढे येतो. हा प्रकार बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्याच्या मध्येच असतो. तू विचारलं नाहीस, पण मनात आलं असणार: मलाही होईल का? तरुणांचा प्रकार वेगळा. त्यात मणक्याच्या मागच्या कमानीतल्या एका बारीक पट्टीला ताणाने चीर जाते, मग पाचवा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीवरून पुढे येतो. जन्मलेल्या बाळात ही चीर नसते; ती वाढत्या वयात पडते. मोठ्या माणसांत शंभरात पाच-सहा जणांना ती असते आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट यांच्यात ती जास्त, कारण कंबर मागे वाकवून पिळायची ही त्यांची रोजची मेहनत. बुमराह कंबरेच्या ताणाच्या फ्रॅक्चरनेच बाहेर बसला होता आणि २०२३ मध्ये न्यूझीलंडला जाऊन ऑपरेशन करून आला. तू हिंजवडीत लॅपटॉपपुढे बसतेस. तुझी कंबर दुखते ती खुर्चीने. आईचं दुखणं तुझ्या वाट्याला येणार म्हणून आतापासून धास्ती घेऊ नकोस.

रिपोर्टापेक्षा मला आईच्या चालण्याने जास्त सांगितलं. जानेवारीत गड्डा यात्रेला आम्ही दोघी गेलो होतो. पार्क चौकातून होम मैदानापर्यंतचं अंतर ते काय, पण तेवढ्यात ती दोनदा बसली. पोटऱ्या भरून येतात, पाय शिशाचे होतात म्हणाली. बसली की दोन मिनिटांत हसायला लागते, पुन्हा चालते, पुन्हा तेच. आणि हीच बाई इथल्या डी-मार्टमध्ये तासभर फिरते, तेलापासून टॉवेलपर्यंत सगळे रकाने धुंडाळते आणि दमत नाही. तुझे बाबा म्हणतात, खरेदी म्हटली की हिचं दुखणं पळतं. बाबांना सांग, ती ट्रॉलीवर रेलून पुढे वाकून चालते. वाकलं की मणक्यामधली नसांची वाट थोडी रुंद होते, ताठ उभं राहिलं की अरुंद. मणका पुढे आल्याने ती वाट आधीच चेपलेली आहे. सर्जन लोक रुग्णाला ट्रॉलीबद्दल मुद्दाम विचारतात, ही त्यांची जुनी खूण आहे.

पायाच्या रक्तवाहिन्या आखडल्या तरी चालताना पोटऱ्या भरून येतात. मात्र तो रुग्ण नुसता उभा राहिला तरी त्याला आराम पडतो. आईला बसावं किंवा वाकावं लागतं. तरीही पावलांवरची नाडी डॉक्टरांकडून तपासून घ्या. तिला साखर आहे.

आता ऑपरेशन करायचं का. फिल्मवर मणका पुढे दिसतो एवढ्यावरून कोणी ऑपरेशन करू नये, हे माझं मत आणि बऱ्याच चांगल्या सर्जनचंही. ग्रेड वन असलेल्या कितीतरी बायका आपल्याच भागात पाण्याच्या बादल्या उचलत फिरताहेत. आधी व्यायाम: पोटाचे आणि पाठीचे स्नायू घट्ट करणारा, फिजिओथेरपिस्टने समोर उभं राहून शिकवलेला. तो दोन-तीन महिने नेमाने करायचा, वजन थोडं उतरवायचं, गरज पडली तर नसेजवळ इंजेक्शन. इंजेक्शनने मणका मागे जात नाही, सूज उतरते आणि व्यायाम करण्याइतका दम मिळतो. मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉक्टर गडचिरोलीला, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’मध्ये जाऊन ओपीडी चालवतात. शेतात वाकून कंबर मोडलेली माणसं तिथे येतात. ऑपरेशन करणारेच हे डॉक्टर, पण आलेल्यांतल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. व्यायाम आणि वाकण्या-उचलण्याची नीट पद्धत शिकवून त्यांना घरी पाठवतात.

हे सगळं मनापासून करूनही चालण्याचं अंतर कमीच होत गेलं, पायाचा जोर उतरू लागला, रात्रीची झोप मोडली, तर मग थांबण्यात शहाणपण नाही. आणि एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेव. लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल एकाएकी लटकं पडलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोनला असलं तरी दवाखान्यात.

ऑपरेशनमध्ये होतं काय, ते कोणी नीट सांगत नाही म्हणून भीती वाढते. आधी थोडं मागचं. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि आल्बी या दोघांनी, वेगवेगळे, मणके एकमेकांना जोडायची पद्धत काढली. ती मणक्याच्या टीबीसाठी होती. सरकलेल्या मणक्यासाठी पोटाच्या बाजूने जाऊन सांधण्याचा प्रयोग इंग्लंडच्या बर्न्सने १९३३ मध्ये छापला. पण हाड जुळेपर्यंत मणके धरून ठेवायला आत काही नसे. रुग्णाला प्लास्टरचं जाकीट घालून महिनोन्‌महिने पलंगावर ठेवत. पॅरिसच्या रॉय-कामीने १९६३ पासून मणक्याच्या मागच्या खांबातून स्क्रू घालायला सुरुवात केली. रुग्ण दुसऱ्या दिवशी उठून उभा राहतो तो त्या स्क्रूंच्या जोरावर.

थिएटरमध्ये आईला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतील. छातीखाली आणि कंबरेखाली उशा, पोट मात्र मोकळं लोंबतं. पोट दाबलं गेलं की शिरांत रक्त तुंबतं आणि जखमेतून जास्त वाहतं. म्हणून त्या उशा लावायला आम्ही नेहमी वेळ घेत असू, सर्जन घाई करत असले तरी. डोळे, कपाळ, कोपर सगळीकडे गादी. मग सी-आर्म, म्हणजे टेबलाभोवती फिरणारं एक्स-रे यंत्र, फिरवून बघतात. एक बघण्यासारखी गोष्ट असते: भुलेत स्नायू सैल पडून पालथं झोपवलं की सरकलेला मणका पुष्कळदा आपोआप थोडा मागे आलेला असतो. कोणी हात लावायच्या आधी.

स्नायू बाजूला करून मणक्याच्या खांबाची जागा शोधतात, तिथे छोटं भोक, मग बोथट सळीने हळूहळू वाट. त्यानंतर टोकाला मणी असलेली बारीक तार आत घालून चारही भिंती आणि तळ चाचपतात. भिंत फुटलेली नाही ना, हे हाताला कळेपर्यंत सर्जन बोलत नाहीत आणि आम्हीही नाही. एका जागेसाठी स्क्रू चार, टायटॅनियमचे, साधारण सहा मिलिमीटर जाड आणि चार-पाच सेंटिमीटर लांब. मग नसांवर दाबणारं हाड आणि जाड झालेला पडदा काढायचा. खरा फायदा या कामाचा. चेपलेली नस मोकळी झाली की तिच्यावरचं आवरण नाडीबरोबर हलायला लागतं. ते दिसलं की टेबलाभोवतीचे खांदे खाली येतात.

काढलेलं हाड टाकत नाहीत. ते तुकडे ओल्या गॉजमध्ये माझ्याकडे येत. त्यांच्यावरचे तंतू खरवडून, बारीक करून वाटीत जपायचं काम सिस्टरचं. मधली झिजलेली चकती काढून तिथे पिंजरा बसवतात, त्याला केजच म्हणतात, आणि त्यात हेच हाड भरतात. शेवटी स्क्रूंच्या डोक्यांत दोन सळ्या बसवून नट आवळायचे. मणका मागे ओढायचा असेल तर लांब डोक्याचे खास स्क्रू असतात. नट आवळत गेलं की मणका वर सरकून रांगेत येतो. नंतर ती जादा डोकी मोडून काढतात. तो ‘टक्’ आवाज आला की आम्ही गॉज मोजायला घेत असू.

इथेच लोक फसतात. नंतरच्या एक्स-रेमध्ये मणका सरळ रेषेत दिसला की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. ग्रेड वनमध्ये तो शंभर टक्के मागे आला की नाही याने आईच्या चालण्यात फारसा फरक पडत नाही. नस मोकळी झाली आणि जोड भक्कम झाला की काम झालं. मोठ्या घसरणीत, ती बहुतेक तरुण मुलांची असते, मणका पूर्ण मागे ओढताना पाचवी नस ताणून पाऊल लटकं पडायची भीती असते. म्हणून तिथेही शहाणे सर्जन हव्यासाने ओढत नाहीत.

स्क्रू घालायचेच का, यावर मोठ्या मोठ्या डॉक्टरांचं एकमत नाही, हे तुला माहीत असलेलं बरं. २०१६ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनच्या अभ्यासात २४७ रुग्ण होते, सगळ्यांची नसांची वाट अरुंद झालेली आणि निम्म्याहून अधिक जणांचा मणकाही सरकलेला. त्यांना नस मोकळी करण्याबरोबर मणके जोडून काही जादा फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या अभ्यासात रुग्ण ६६ होते, सगळे ग्रेड वनचे. तिथे जोडलेल्यांची तब्येत थोडी बरी राहिली आणि चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलं ते जोडलेल्यांत १४ टक्के, न जोडलेल्यांत ३४. मग २०२१ मध्ये नॉर्वेने २६७ रुग्णांवर तपासून सांगितलं की नुसती नस मोकळी करणं कमी पडत नाही. तेव्हा एक सर्जन ‘स्क्रू घालू’ म्हणाले आणि दुसरे ‘नुसतं मोकळं करू’ म्हणाले, तर त्यातला एक लुबाडतोय असं लगेच धरू नकोस. मणका वाकताना-उठताना हलतो का, यावर बरंच ठरतं. एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर मणका मागे जातो आणि हालचाल दिसत नाही. त्यासाठी उभ्याने, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले साधे एक्स-रे लागतात. ते आईचे अजून काढलेलेच नाहीत. एमआरआयला हजारो रुपये गेले आणि शे-पाचशेचा एक्स-रे राहिला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, स्क्रू बहुतेक कायमचे राहतात. त्रास दिला तरच काढतात. टायटॅनियम असल्याने पुढे एमआरआयही करता येतो. पण स्क्रू नुसते टेकू आहेत. खरा जोड हाड जुळून होतो आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. हाड जुळलं नाही तर स्क्रू सैल होतात, कधी मोडतात. म्हणून ऑपरेशनच्या आधीच हाडाची घनता तपासा, ड जीवनसत्त्व बघा, साखर आटोक्यात आणा. आणि मिश्री. आई सकाळी मागच्या दारात दात घासायला इतका वेळ का लावते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. तंबाखूतलं निकोटिन हाड जुळू देत नाही. ती मिश्री आधी सुटली पाहिजे. डॉक्टरांपुढे ती ‘काही व्यसन नाही’ म्हणेल. तू तिथेच सांग.

नंतरचं सांगते. दुसऱ्या दिवशी बहुधा चालवतात, चार-पाच दिवसांत घरी सोडतात, टाके दोन आठवड्यांनी. पायाचं दुखणं लवकर आणि भरवशाने जातं. कंबरेचं तेवढं नाही, आणि बधिरपणा सगळ्यात उशिरा. हे आईला आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर महिनाभराने ‘उगाच केलं’ म्हणेल. पुढे काही वर्षांनी जोडाच्या वरचा मणका झिजू शकतो, तेही खरं. तीन महिने वाकणं, पिळणं, उचलणं बंद. आता आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे. ड्रम भरायचे, बादल्या वर न्यायच्या, हे इतकी वर्षं कोणी केलं ते तू पाहिलंयस. ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी तुझ्या बाबांनी मोटार आणि पाइपची सोय करावी आणि पाणी भरायला स्वतः उठावं. मी त्यांची मोठी बहीण आहे, माझं नाव सांगून बोल. भाकऱ्या खाली बसून थापायच्या नाहीत, ओट्यावर उभ्याने. कमोडची सोय नसेल तर करून घ्या. ‘मी आईला पुण्याला नेते’ असं तू म्हणतेस, पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत ती आठ दिवस टिकणार नाही.

पैशाचं. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आईचं ऑपरेशन यादीत कुठे बसतं आणि कुठल्या दवाखान्यात होतं, हे योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड बरोबर न्या. स्क्रू देशी की परदेशी, किती, कितीला, हे आधी लिहून मागा. प्रत्येक स्क्रूच्या पाकिटावर स्टिकर असतो. ते केसपेपरला चिकटवतात. त्याची झेरॉक्स घेऊन ठेवा, दहा वर्षांनी कोणाला तरी लागते.

दुसरं मत जरूर घ्या. सोलापुरात चांगले हात आहेत. तरी पुण्याला किंवा मुंबईला दाखवायचं असेल तर सकाळची वंदे भारत आहेच, बसायलाही बरी. कुठेही गेलात तरी सर्जनला विचार की अशी ऑपरेशनं ते वर्षाला किती करतात, आणि आईच्या बाबतीत स्क्रूशिवाय भागेल का, नसेल तर का नाही. चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही.

शनिवारी येशील तेव्हा आधी आईबरोबर सकाळी चालायला जा. किती पावलांवर ती थांबते, कुठला पाय आधी भरतो, किती वेळात उतरतं, हे वहीत लिही. मग उभ्याने एक्स-रे काढून आण, साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्टही. फिजिओथेरपी मंगळवारपासून सुरू करू, पहिले काही दिवस मी तिच्याबरोबर जाईन. ऑपरेशनचं काय ते तीन महिन्यांनी त्या वहीतले आकडे बघून ठरवू.

तुझी,
आत्या